साने गुरुजींच्या स्मारकाला नाशिकहून हार नेताना: फुलबाजाराची पारख

'श्यामची आई' नाशिकरोडच्या कारागृहात लिहिली गेली. 9 फेब्रुवारी 1933 ला गुरुजींनी लिहायला घेतली आणि 13 तारखेच्या पहाटे ती पुरी झाली. त्यामुळे गुरुजींना हार न्यायचा तर नाशिकहून, हा इथल्या शिक्षकांचा आणि वाचनालयवाल्यांचा आग्रह अगदी रास्त आहे. ते कारागृह आजही चालू आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून फुलं घेऊन फाटकाशी जाण्यात अर्थ नाही. इंग्लंडात मुलं आपल्या लाडक्या लेखकाच्या कबरीवर फुलं ठेवायला जातात, आपल्याकडे मुलांना घेऊन लेखकाच्या घरी आणि शाळेत जायची रीत आहे. गुरुजींच्या बाबतीत ती ठिकाणं तीन: दापोली तालुक्यातलं पालगड हे जन्मगाव, 1924 ते 1930 या काळात त्यांनी जिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं ते अमळनेर, आणि माणगावजवळ वडघरचं राष्ट्रीय स्मारक. याखेरीज शाळाशाळांतून होणारं प्रतिमापूजन आहेच.

या सगळ्यासाठी सराफ बाजार–दहीपूल भागातला फुलबाजार कितपत उपयोगी आहे, ते इथे लिहितो. आधी निकाल सांगतो. सुटी फुलं घ्यायला यासारखी जागा नाही. सांगून, मोजून, सकाळी समोर ओवून घेतलेला साधा हारही उत्तम मिळतो. तयार टांगलेले चमकीचे हार मात्र घेऊ नयेत. आणि जयंतीला पुष्पचक्र मागणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा: ते अंत्यविधीला आणि हुतात्मा स्मारकावर शोभतं, गुरुजींच्या वाढदिवसाला पोरांच्या हातात ते देऊ नये.

हाराची ऑर्डर देताना सगळ्यात जास्त घोळ लांबीचा होतो. आपण म्हणतो 'चार फुटी हार'. हारवाला विचारत नाही की चार फूट म्हणजे पूर्ण लड की गळ्यात घातल्यावर एका बाजूला लोंबणारी लांबी. पूर्ण लड चार फुटांची धरली तर अर्धपुतळ्याला तो हार जेमतेम गळ्यापाशी बसतो, आणि एका बाजूची चार फूट धरली तर पायथ्यावर लोळतो. म्हणून सुतळी घेऊन आधी माप घ्या: मानेच्या मागून सुतळी टाकायची, दोन्ही टोकं छातीच्या मध्याच्या थोडी खाली जुळवायची, तिथं गाठ मारायची आणि ती सुतळीच हारवाल्याच्या हातात द्यायची. खाली गोंडा लावणार असाल तर तो या मापाबाहेर, आणखी सहा ते आठ इंच. पुतळा दूर असेल आणि माप घेता येत नसेल तर नेहमीच्या आकाराच्या अर्धपुतळ्याला एका बाजूची लांबी अडीच ते तीन फूट सांगावी. थोडा लांब झाला तर चालतो, आखूड झाला तर मस्तकावरून खालीच उतरत नाही आणि ओढाताणीत दोरा तुटतो.

तसबिरीचा हिशोब वेगळा. बारा बाय अठरा इंचाची उभी चौकट असेल तर वरची कड बारा, दोन्ही बाजू अठरा-अठरा, आणि खाली झोल येण्यासाठी आठ इंच. सगळे मिळून छप्पन्न इंच, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा थोडं जास्त. त्यापेक्षा लांब हार घातला की तो टेबलावर पसरतो, समईच्या ज्योतीपाशी येतो. तसबिरीला जाड झेंडूचा हार घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गुरुजींचा चेहरा दिसला पाहिजे. शेवंतीची किंवा निशिगंधाची एकपदरी लड पुरते.

माल किती लागतो याचा अंदाज हाताशी असला की भावात फसगत होत नाही. मध्यम आकाराचा झेंडू मधोमध ओवून दाबून बसवला तर एका फुटात दहा ते बारा फुलं जातात. एका बाजूला तीन फूट, म्हणजे एकूण सहा फुटी लडीला साठ ते सत्तर. किलोत अशी फुलं साधारण शंभर-सव्वाशे बसतात. त्यातली काही डागी निघतातच, म्हणून एका हाराला पाऊण किलो धरा. चाळीस मुलांच्या वर्गाला वाहायला प्रत्येकी दोन फुलं द्यायची तर एक किलो घ्यावं, चुरगळलेली बाजूला काढूनही पुरतात. झेंडू आणि शेवंती किलोवर मिळतात, जरबेरा दहाच्या आणि डच गुलाब वीसच्या जुडीत. भाव रोज हलतो आणि सणाला तर तासातासाला हलतो, म्हणून इथे आकडे देत नाही. फक्त हाराचा भाव विचारताना 'फुलं माझी, ओवणावळ किती' असा वेगळा विचारावा. फुलं आपण निवडून दिली की जुना माल आत जायचा प्रश्नच उरत नाही.

ताजेपणा ओळखायचा तर फूल उलटं धरून देठाकडून बघा. झेंडूच्या मागचा हिरवा पेला टणक आणि कोरडा असला पाहिजे. तो तपकिरी, मऊ किंवा चिकट लागला तर वरून पाकळ्या कितीही टवटवीत असोत, ते फूल दुपारपर्यंत टिकणार नाही. शेवंती देठाला धरून हलकी झटकायची, पाकळ्या गळाल्या तर ठेवून द्यायची. निशिगंधाच्या पाकळ्यांची टोकं काचेसारखी पारदर्शक झाली असतील तर तो कालचा. गुलाबाची कळी तळाशी, देठाच्या वर, बोटांनी हलकेच दाबावी. ताजी असेल तर घट्ट लागते. वर मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यावर जाऊ नका, पाण्यानं सगळीच फुलं ताजी दिसतात. तयार हार घ्यायची वेळ आलीच तर मधली दोन फुलं बाजूला सारून दोरा बघायचा. दोरा पांढरा असेल तर हार आज सकाळचा. काळपट, ओला आणि आंबूस वासाचा असेल तर आदल्या संध्याकाळी ओवून पाण्याखाली ठेवलेला. ही एकच खूण ध्यानात ठेवली तरी बाजारातलं निम्मं काम झालं.

दोऱ्यावरून आणखी एक. सुती दोरा मागून घ्या आणि दुहेरी घ्यायला सांगा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण निर्माल्यात तो कुजत नाही आणि गुरांच्या पोटात जातो. शंका असेल तर दोऱ्याचं टोक काडीनं पेटवावं. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. फुलांच्या मधे प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, थर्माकोलचे गोळे, सोनेरी झालर घालून हार फुगवलेला असतो, तोही नको. झालर तारेवर असते. ओली तार दगडाला किंवा संगमरवराला लागून राहिली की गंजाचा डाग पडतो आणि तो घासून जात नाही.

रंगवलेली फुलं तर हातही लावू नयेत. निळी शेवंती, हिरवा निशिगंध ही फुलं पांढऱ्या फुलांना रंगाच्या पाण्यात बुडवून किंवा देठातून रंग पाजून केलेली असतात. हार ओला झाला की रंग ओघळतो. फायबरच्या पांढऱ्या पुतळ्यावर, तसबिरीच्या कागदी किनारीवर त्याच्या रेघा उमटतात. नैसर्गिक झेंडूचा पिवळा रंगसुद्धा ओल्या संगमरवरावर उतरतो. पायथा संगमरवराचा असेल तर फुलं थेट दगडावर न ठेवता केळीच्या पानावर किंवा पितळी ताटात ठेवायला मुलांना आधीच सांगावं. हळदकुंकवाचंही तेच. ज्या संस्थेत जाणार तिथं हार घालू देतात का, पुतळ्यापर्यंत पोचायला शिडी आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं. मुलांना चौथऱ्यावर चढवू नये.

आता हंगाम, कारण दोन तारखांना बाजार अगदी निराळा असतो.

24 डिसेंबर, म्हणजे गुरुजींची जयंती, हा नाशिकला फुलांसाठी चांगला दिवस. थंडीत शेवंती आणि अष्टर भरात असतात, झेंडू टणक येतो, आणि दिंडोरी तालुक्यातल्या जानोरी-मोहाडी पट्ट्यातल्या पॉलिहाऊसचा गुलाब जवळच असल्यानं लांबच्या गावांपेक्षा ताजा मिळतो. थंडीत कापलेलं फूल सावकाश श्वसन करतं, म्हणून जास्त टिकतं. सकाळी सातला ओवलेला हार संध्याकाळपर्यंत उभा राहतो. अडचण दुसरीच आहे: दुसऱ्या दिवशी नाताळ, मधूनच लग्नाच्या तिथी, आणि काही वर्षी मार्गशीर्षातला गुरुवार त्याच आठवड्यात येतो. अशा वेळी गुलाब आणि शेवंती महागतात. दोन दिवस आधी इसार देऊन माल सांगून ठेवावा आणि फुलाचं नाव, रंग, हाराची लांबी, नेण्याची वेळ, चारही गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं, यात कुणाचा दोष नाही.

11 जूनला, पुण्यतिथीला, याच्या उलट. शाळा उघडलेल्या नसतात, त्यामुळे कार्यक्रम वाचनालयं, सेवा दल, घरची मंडळी यांचाच. उन्हाळी झेंडू लहान आणि विरळ पाकळ्यांचा असतो, आणि वळवाच्या सरीत भिजलेला असेल तर पेल्यात पाणी साठून आतून सडतो. त्या सुमाराला वटपौर्णिमा आली तर फुलांची मागणीही वाढते. या दिवसांत झेंडूचा नाद सोडून निशिगंध घ्यावा. मोगराही असतो, हंगामाच्या शेवटाचा, पण त्याच्या लडी कळ्यांच्याच असतात. 'श्यामची आई'च्या तिसऱ्या रात्री आई श्यामला न उमललेल्या कळ्या तोडू नकोस म्हणून समजावते. ते वाचलेल्या मुलांना घेऊन जायचं आणि हातात कळ्यांची लड द्यायची, हे मला तरी पटत नाही. उमललेली चार सुटी फुलं बरी. जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी शिरतं, हेही नाशिककरांना सांगायला नको. पावसाचा रंग दिसला तर खरेदी पहाटेच उरकून घ्या.

बाजारात जायचं ते पहाटेच, डिसेंबरातही. उजाडताना माल उतरत असतो, निवडायला मिळतो, आणि ओवणाऱ्या बायकांना सवड असते. समोर बसून एक हार ओवायला पाऊण तास तरी धरावा. नऊनंतर गल्ल्यांतून चालणंही कठीण. चारचाकी आत नेऊच नये. रविवार कारंजाच्या अलीकडे कुठे तरी लावून चालत जावं. पंचवटीत रामकुंडाजवळही फुलं मिळतात, पण ती देवाच्या परडीच्या हिशोबानं, लहान पुड्यांत. दोन-चार माणसांना तेवढी पुरतील, वर्गाला नाही.

अमळनेरला न्यायचं तर बांधणीकडं लक्ष द्या. पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, पुढे अमळनेर, असा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. थांबत गेलं तर पाच तास सहज. एवढ्या वेळात हार खराब होतो तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. फुलं तोडल्यावरही श्वास घेत असतात, त्यातून ऊब आणि वाफ तयार होते, पिशवीत ती कोंडते, पाकळ्यांवर पाणी साचतं आणि बुरशी धरते. मालेगावपर्यंत पाकळ्यांच्या कडा काळ्या पडायला लागतात. हारवाल्याला पिशवीत भरू देऊ नका. पुठ्ठ्याचा बसका खोका न्या, त्याच्या चारी बाजूंना बोट जाईल एवढी भोकं पाडा. तळाला केळीचं पान किंवा वर्तमानपत्राच्या दोन घड्या. हारावर पाणी शिंपडलं असेल तर आधी तो दोन्ही हातांनी धरून झटकायचा, ओघळणारं पाणी पूर्ण निथळलं पाहिजे. मग गोल वेटोळं करून ठेवायचं. वेटोळ्याचे दोनच थर, मधे कागद. वरून सुती फडकं ओलं करून घट्ट पिळून पसरायचं. फडक्यातून थेंब गळत असेल तर ते जास्त ओलं आहे. खोका डिकीत ठेवू नये, तिथं ऊन तापतं. एसीच्या झोतासमोरही नको, पाकळ्या चुरचुरीत होतात. मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत ठेवावा. त्याच गाडीत पिकलेली केळी असतील तर ती दुसऱ्या टोकाला ठेवा, पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फुलं लवकर कोमेजतात.

देठाचे गुलाब नेणार असाल तर बादलीत चार बोटं पाणी, आणि देठ तिरके, पाण्यात बुडवूनच कापलेले. हवेत कापलं की देठाच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी वर चढत नाही. मान टाकलेले गुलाब बऱ्याचदा यामुळेच असतात. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. पुष्परचनेचा हिरवा स्पंज मागूच नका. एक तर तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, चुरा होऊन मातीत राहतो. आणि घाईत दाबून भिजवला तर आतला गाभा कोरडाच राहतो, मग तासाभरात फुलं माना टाकतात.

पालगड किंवा वडघरला नाशिकहून हार नेऊ नये असंच सांगेन. रस्ता लांब, घाट उतरल्यावर हवा दमट, पोचेपर्यंत हाराचं पोतेरं होतं. तिकडे जाताना कोकणातली फुलं कोकणातच घ्यावीत. पावसाळ्याच्या तोंडाला अनंत आणि सोनचाफा सहज मिळतो. नाशिकहून काही न्यायचंच असेल तर सूतहार न्या. खादी भांडारात मिळतो, नाहीतर सुताची गुंडी आणून मुलांकडून घरीच करून घेता येतो: सारख्या लांबीचे पन्नास-साठ धागे एकत्र धरायचे, दर सहा इंचांवर रंगीत दोऱ्याचा पक्का वेढा द्यायचा, टोकं जुळवून गाठ मारायची. खादी घालणाऱ्या, गांधीजींच्या वाटेनं चालणाऱ्या माणसाला यापेक्षा योग्य हार कुठला? तो सुकत नाही, डाग पाडत नाही, पेटीत दुमडून नेता येतो. प्रवास दोन दिवसांचा असेल तर मी दुसरा पर्याय सुचवणारच नाही. बांधताना वेढे मात्र घट्ट हवेत, सैल राहिले तर धागे निसटून हार पिंजारतो.

सेवेबद्दल बोलायचं तर फुलबाजारातली माणसं कामात वाकबगार आहेत, पण बोलायला त्यांना वेळ नसतो. 'गुरुजींच्या पुतळ्याला आहे, झालर नको, सुती दोरा, एका बाजूनं तीन फूट, शेवंती पांढरी, मधे तुळशीची मंजिरी' एवढं एका दमात सांगितलं की हवं ते मिळतं. 'छानसा हार द्या' म्हटलं की समोर टांगलेला चमकीवालाच हातात येतो. ओवणाऱ्या बाईंना मावशी म्हणून विचारलं तर कुठल्या टोपलीतला माल सकाळचा आहे हेही त्या खरं सांगतात. सुटे पैसे जवळ ठेवा, पहाटेच्या घाईत मोबाईलवरून पैसे देणं जमेलच असं नाही. घासाघीस करायची तर आदल्या दिवशी, इसार देताना करावी. ओवून झालेल्या हारावर भाव पाडणं बरं नाही.

कार्यक्रम झाल्यावर हार त्याच संध्याकाळी उतरवायचा, हे काम कुणावर तरी आधीच सोपवून ठेवा. ओला हार कांस्याच्या पुतळ्यावर दिवसेंदिवस राहिला की गळ्याभोवती हिरवे डाग पडतात, रंगवलेल्या सिमेंटच्या पुतळ्याचे पोपडे निघतात. उतरवलेला हार गोदेत सोडू नये. दोरा एका टोकानं ओढून काढला की फुलं आपोआप सुटतात. ती शाळेच्या खतखड्ड्यात टाकून वर मूठभर माती पसरावी, मंजिरी निराळी वाळवावी. सुती दोऱ्याचा गुंडा करून ठेवला तर पुढच्या प्रतिमापूजनाला आंब्याची पानं ओवून तोरण बांधायला चालतो.